ग्रेट लेक्समधील माशांत मुरलेली रसायने: पन्नास वर्षांच्या नोंदी कशा वाचाव्यात

१९६९ च्या वसंतात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मिशिगन सरोवरातील (अमेरिका-कॅनडा सीमाभागातील ‘ग्रेट लेक्स’ या पाच विशाल सरोवरांपैकी हे एक) कोहो सामन माशांचा हजारो किलोंचा साठा जप्त केला. हे मासे मूळचे या सरोवरातले नव्हतेच. अतिमासेमारीने आधीच खंगलेल्या स्थानिक लेक ट्राउट माशांचा सी लॅम्प्रे या बाहेरून शिरलेल्या रक्तशोषी जलचराने जवळजवळ निर्वंश केला होता. खाणारा कोणी न उरल्यामुळे एलवाइफ नावाचे छोटे मासे बेसुमार वाढले होते आणि किनाऱ्यावर खच पडून कुजत होते. त्यांना खायला म्हणून मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी १९६६ साली पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कोहो सामनची पिल्ले या गोड्या पाण्यात सोडली. प्रयोग इतका यशस्वी झाला की गळ आणि बोटी घेऊन आलेल्या हौशी मासेमारांनी किनाऱ्यावरची गावे भरून गेली. आणि तीनच वर्षांत या गुबगुबीत माशांच्या अंगात डीडीटी हे कीटकनाशक १९ पीपीएमपर्यंत सापडले. एक पीपीएम म्हणजे एक किलो माशात एक मिलिग्रॅम. त्या वेळी माशासाठी ठरवलेली तात्पुरती मर्यादा ५ पीपीएम होती.

मिशिगनने त्याच वर्षी डीडीटीची विक्री बंद केली, १९७२ मध्ये अमेरिकेने देशभर बहुतेक वापरांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी अमेरिका व कॅनडा यांच्यात ग्रेट लेक्सच्या पाण्याच्या गुणवत्तेविषयी करार झाला. तेव्हापासून या पाच सरोवरांतील माशांची सलग तपासणी होत आली आहे. एखाद्या रसायनावर बंदी घातल्यानंतर मासे किती वर्षांत निवळतात, या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतील अशा गोड्या पाण्याच्या नोंदी जगात फार थोड्या आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत दीर्घ नोंदींत या मोडतात. त्यांतला सर्वसाधारण निष्कर्ष चांगला आहे, जुनी विषे पुष्कळ कमी झाली आहेत. पण आलेखावरची उतरती रेषा पाहून ‘पाणी स्वच्छ झाले’ असे म्हणणे घाईचे ठरते, कारण त्या रेषेत पाण्याइतकाच तो मासाही मोजला गेलेला असतो: त्याचे वय, त्याची चरबी आणि मुख्य म्हणजे त्याने काय खाल्ले ते.

पाणी सोडून मासा का तपासायचा

पीसीबी (विजेच्या यंत्रांत वापरले जाणारे एक औद्योगिक तेल) किंवा डीडीटी यांसारखी रसायने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज विरघळतात, आणि प्राण्यांच्या शरीराला ती मोडून बाहेर टाकणे फारसे जमत नाही. त्यामुळे सरोवराच्या पाण्यात त्यांचे प्रमाण इतके क्षुल्लक असते की ते मोजतानाच नाकी नऊ येतात. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती ती शोषतात, त्या वनस्पती खाणाऱ्या बारीक जीवांत ती साठतात, त्यांना खाणाऱ्या कोळंबीवजा जीवांत आणखी साठतात, आणि असे वर चढत गेल्यावर सर्वांत वरच्या शिकारी माशात काय होते ते ग्रेट लेक्सविषयी दोन्ही देशांच्या सरकारांनी मिळून काढलेल्या पर्यावरणविषयक नकाशासंग्रहात आकड्यांनी दिले आहे. पाण्यातील पीसीबीच्या तुलनेत वनस्पती-प्लवकांत ते २५० पट, प्राणी-प्लवकांत ५०० पट, मायसिड या कोळंबीवजा जीवात ४५,००० पट, स्मेल्ट या छोट्या माशात ८,३५,००० पट आणि लेक ट्राउटमध्ये २८ लाख पट. थोडक्यात, जे काम उपकरणाला जड जाते ते मासा वर्षानुवर्षे पाण्यात राहून बिनबोभाट करीत असतो.

मग प्रश्न येतो, कुठला मासा? अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, १९७० च्या दशकापासून बहुतेक सरोवरांतून ६०० ते ७०० मिलिमीटर लांबीचेच लेक ट्राउट घेते. ईरी सरोवर उथळ आणि उबदार असल्याने तिथे त्याऐवजी ४५० ते ५५० मिलिमीटर लांबीचे वॉलआय घेतले जातात. एकाच ठिकाणचे पाच मासे एकत्र दळून त्यांचा एक नमुना करतात. लांबीचा हा सोवळेपणा उगाच नाही. मोठा मासा म्हणजे म्हातारा मासा, आणि म्हातारा मासा म्हणजे अधिक वर्षे साठवलेले विष. एका वर्षी जाळ्यात मोठे मासे आले आणि दुसऱ्या वर्षी लहान आले, तर पाण्यात काहीही बदल न होता प्रदूषण घटल्याचा भास होईल.

यातही एक मेख आहे. ईपीएचा हा नमुना डोके, कातडी, आतडी यांसह अख्ख्या माशाचा असतो, कारण त्यांना सरोवराची तब्येत पाहायची असते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताचा कार्यक्रमही १९७० च्या दशकापासूनचा आहे आणि त्यात दोन हजारांहून अधिक ठिकाणचे मासे आले आहेत, पण तिथे कातडी आणि काटे काढलेला पाठीचा मांसल तुकडा तपासतात, कारण त्यांना खाणाऱ्याला सल्ला द्यायचा असतो. चरबीत साठणाऱ्या रसायनाचा अख्ख्या माशातील आकडा त्या तुकड्यातील आकड्यापेक्षा बराच मोठा निघतो. बातम्यांत हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून सीमेच्या एका बाजूचे मासे दुसऱ्या बाजूपेक्षा वाईट असल्याचे सुचवले जाते, त्याला काही अर्थ नसतो.

पीसीबी: आधी धबधबा, मग संथ ओघ

पीसीबीचा शोध माशात लागला तो योगायोगाने. स्वीडनमध्ये सोरेन येन्सन हे रसायनशास्त्रज्ञ वन्यजीवांत डीडीटी शोधत होते. त्यांच्या उपकरणाच्या आलेखावर डीडीटीखेरीज अनोळखी शिखरे वारंवार उमटत होती. पाइक माशात ती होती आणि समुद्री गरुडातही होती. संग्रहालयात जपलेल्या गरुडाच्या १९४४ सालच्या पिसांतही ती सापडली, तेव्हा हा पदार्थ डीडीटीपासून झालेला नाही हे उघड झाले, कारण स्वीडनमध्ये डीडीटीचा सर्रास वापर त्यानंतर सुरू झाला. १९६६ मध्ये त्यांनी जाहीर केले की ती शिखरे पीसीबीची आहेत. हे तेल १९२९ पासून व्यापारी प्रमाणावर बनत होते. ते सहजासहजी पेट घेत नाही आणि वीजही वाहू देत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, हायड्रॉलिक यंत्रे, रंग अशा असंख्य ठिकाणी ते वापरले जात होते. जे सहज जळत नाही ते निसर्गात सहज मोडतही नाही, हा त्याच गुणाचा दुसरा भाग तोवर कोणी हिशेबात धरला नव्हता.

मिशिगन सरोवरात ते कुठून आले याची उत्तरे गावागावांनुसार वेगळी आहेत. इलिनॉयमधील वॉकीगन बंदरात बोटींची इंजिने बनवणाऱ्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनच्या कारखान्यातील हायड्रॉलिक तेलातून ते गेले. विस्कॉन्सिनच्या फॉक्स नदीची कथा अधिक विचित्र आहे. मध्ये कार्बन न घालता खालच्या पानावर प्रत उमटवणारा कागद १९५४ ते १९७१ या काळात पीसीबीचे सूक्ष्म थेंब लावून बनवला जात होता. त्याच्या उत्पादनातून आणि पुढे त्याच कागदाची रद्दी गिरण्यांत लगदा करून धुतली गेल्यामुळे पीसीबी नदीत उतरले आणि ग्रीन बेच्या उपसागरामार्गे सरोवरात पोचले. एखाद्या कचेरीतल्या पावतीपुस्तकाची तिसरी प्रत वर्षानुवर्षांनी लेक ट्राउटच्या पोटात सापडावी, असा हा प्रवास. त्या नदीच्या तळातील गाळ काढण्याचे काम २०२० मध्ये संपले.

१९७४ साली मिशिगन सरोवरातील लेक ट्राउटमध्ये पीसीबी सुमारे २३ पीपीएम होते. अमेरिकेत उत्पादन १९७७ मध्ये थांबले आणि १९७९ मध्ये कायदेशीर बंदी आली. १९९० पर्यंत आकडा तीनच्या खाली आला होता, म्हणजे सोळा वर्षांत आठपट घट. ही घसरण पाहून त्या काळी अनेकांना वाटले की आणखी दहा-पंधरा वर्षांत हा विषय संपेल. तसे झाले नाही. तीनवरून निम्म्यावर यायलाच पुढे दहा वर्षे लागली आणि नंतरची घट वर्षाला काही टक्क्यांच्या गतीने चालू राहिली. वर्षाला ५ टक्के घट असे धरले, तर निम्मे व्हायला सुमारे १४ वर्षे आणि एक-दशांश व्हायला सुमारे ४५ वर्षे लागतात.

असे का होते? सुरुवातीला मासे ज्या पुरवठ्यावर पोसले जात होते तो थेट नळकांड्यांतून येणारा होता. तो थांबताच आकडा कोसळला. त्यानंतर उरला तो तळाच्या गाळात मुरलेला साठा आणि हवेतून सरोवरावर उतरणारा अंश. लोणच्याची बरणी रिकामी करून घासली तरी तिचा वास लगेच जात नाही, तसा हा गाळ वादळात ढवळला गेला की, किंवा त्यात राहणारे किडे-अळ्या माशांनी खाल्ल्या की, थोडे थोडे पीसीबी परत वर सोडत राहतो. त्यात ही सरोवरे अवाढव्य आहेत. ईरीचे पाणी अडीच-तीन वर्षांत बदलते, पण सुपीरियर सरोवराचे सगळे पाणी बदलायला सुमारे १९१ वर्षे लागतात असा हिशेब आहे. शिकागोसारख्या शहरांतील जुन्या इमारती आणि विजेची जुनी साधने यांतून पीसीबीची वाफ आजही हवेत जाते आणि वाऱ्याबरोबर सरोवरावर येते. ही शेपटी किती लांब असेल हे बंदी घालतानाच्या कायद्यात कुठे लिहिलेले नसते.

हवेच्या वाटेचा सर्वांत चोख पुरावा आयल रॉयल या बेटावर मिळाला. सुपीरियर सरोवरातल्या या निर्जन बेटावर सिस्किविट नावाचे स्वतःचे एक सरोवर आहे. तिथे कारखाना नाही, शेती नाही आणि बाहेरून येऊन मिळणारी नदीही नाही. तरीही १९७० च्या दशकात तिथल्या माशांत पीसीबी सापडले आणि टॉक्साफीनही सापडले. टॉक्साफीन हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसावर फवारायचे कीटकनाशक. ते हजारो किलोमीटर उडत आले होते. आणखी गंमत म्हणजे पाच सरोवरांपैकी ज्याच्याभोवती सर्वांत कमी उद्योग आणि शेती आहे त्या सुपीरियरच्याच माशांत टॉक्साफीन सर्वांत जास्त निघाले, कारण थंड पाण्यातून ते परत उडून जात नाही आणि तिथे गाळही फार हळू साचतो. सरोवराच्या काठी कचरा दिसत नाही म्हणून मासा निर्मळ, हा आपला सर्वसामान्य आडाखा या एका उदाहरणाने मोडीत निघतो.

पारा: हिशेब न जुळणारा धातू

पाऱ्याचे वागणे या सगळ्याहून निराळे आहे. तो चरबीत साठत नाही. पाणथळ जागांतील आणि गाळातील जिवाणू त्याचे मिथाइलमर्क्युरी या संयुगात रूपांतर करतात, आणि ते स्नायूंच्या प्रथिनांना चिकटते. म्हणजे जो भाग आपण चवीने खातो त्यातच पारा असतो.

१९७० च्या मार्चमध्ये नॉर्व्हाल्ड फिमराइट या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातील संशोधक विद्यार्थ्याने डेट्रॉइटजवळच्या सेंट क्लेअर सरोवरातील माशांत पाऱ्याचे प्रमाण फार मोठे असल्याचे दाखवून दिले आणि तिथली मासेमारी बंद झाली. उगम होता सार्नियातील डाऊ केमिकलचा कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन बनवणारा कारखाना, ज्यात विजेचे एक टोक म्हणून वाहता पारा वापरला जाई. त्याच पद्धतीच्या दुसऱ्या एका कारखान्याने वायव्य ओंटारिओतील ड्रायडन गावी १९६२ ते १९७० या काळात वाबिगून नदीत नऊ-दहा टन पारा सोडला होता. त्या नदीवर ग्रासी नॅरोज या आदिवासी समाजाची वस्ती आहे. तिथले पुरुष हौशी मासेमारीसाठी येणाऱ्या पर्यटकांचे वाटाडे म्हणून काम करीत आणि दुपारी किनाऱ्यावर चूल मांडून धरलेले वॉलआय त्यांच्यासोबत खात. पर्यटक आठवड्याने घरी परतत, वाटाडे मात्र हंगामभर तेच जेवण जेवत. १९७५ मध्ये मिनामाटा रोगाचे, म्हणजे पाऱ्याच्या विषबाधेने होणाऱ्या आजाराचे, जपानी तज्ज्ञ मासाझुमी हाराडा तिथे आले आणि त्यांना लोकांत त्या रोगाची ओळखीची लक्षणे दिसली.

नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या क्ले सरोवरातील वॉलआयमध्ये १९७० च्या सुमारास पारा दहा पीपीएमच्याही पुढे होता. कारखान्यातून पारा येणे बंद झाल्यावर पहिल्या दशकात तो झपाट्याने उतरला, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून रेषा जवळजवळ आडवी झाली. पीसीबीचाच नमुना इथेही दिसतो. पन्नास वर्षांनंतरही ते मासे आसपासच्या सरोवरांतल्या माशांहून अधिक दूषित आहेत.

पण नवा पारा येणे पूर्ण थांबले तर मासे खरेच सुधारतात का, आणि किती वेगाने? याचे उत्तर मिळवायला ओंटारिओतील प्रायोगिक सरोवर क्षेत्रात संशोधकांनी एक धाडसी काम केले. ६५८ क्रमांकाच्या एका सरोवरात, त्याभोवतीच्या जंगलात आणि पाणथळीत त्यांनी २००१ ते २००७ अशी सात वर्षे पाऱ्याची तीन वेगवेगळी समस्थानिके, म्हणजे वजनाने किंचित वेगळे असलेले पाऱ्याचेच अणू, घातली. म्हणजे थेट पाण्यात पडलेला पारा, जंगलात पडलेला पारा आणि पाणथळीत पडलेला पारा माशाच्या अंगात वेगवेगळा ओळखता येईल अशी खूणगाठ बांधून ठेवली. मग पारा घालणे बंद केले आणि मासे पाहत राहिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ वर्षांत मोठ्या माशांच्या समूहांतील त्या खुणेच्या पाऱ्याचे प्रमाण ३८ ते ७६ टक्क्यांनी घटले, आणि जंगल-पाणथळीत घातलेला पारा माशांपर्यंत जवळजवळ पोचलाच नाही. यातला सर्वांत उद्बोधक भाग असा की एकेकट्या पाइक माशाने अंगातला पारा फारसा गमावला नाही. नव्या पिढ्या कमी पाऱ्यात वाढल्या आणि जुने मासे मरून गेले, म्हणून सरासरी उतरली. आलेखावर जे ‘निवळणे’ दिसते ते पुष्कळदा असे पिढी बदलण्यामुळे दिसते. दीर्घायुषी माशांच्या सरोवरात ते सावकाश होणार, हे ओघानेच आले.

तरीही या आशादायक प्रयोगाशी प्रत्यक्ष नोंदी नेहमी जुळत नाहीत. टोरोंटो विद्यापीठातील नीलिमा गांधी, ओंटारिओच्या पर्यावरण खात्यातील सत्येंद्र भावसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रांतातील काही दशकांचे आकडे तपासले, तेव्हा १९७० पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घटणारा पारा त्यानंतर अनेक सरोवरांतील वॉलआय आणि पाइकमध्ये पुन्हा थोडा वर सरकताना दिसला. याच काळात उत्तर अमेरिकेतील कचराभट्ट्या आणि वीजकेंद्रे यांतून हवेत जाणारा पारा तर कमी होत होता. मग गणित कुठे चुकले?

मिशिगन सरोवरापुरते याचे उत्तर १९७८ ते २०१२ या काळातील गोठवून जपलेल्या लेक ट्राउटमधून मिळाले. त्यांच्यातील पाऱ्याच्या आणि माशाचा आहार ओळखू देणाऱ्या समस्थानिकांवरून २०१९ मध्ये असे दिसले की १९८० च्या दशकाअखेर आसपासच्या उद्योगांतून येणारा पारा घटल्याचा परिणाम माशांत स्वच्छ उमटला होता. त्यानंतर जहाजांच्या पोटातील पाण्यातून आलेल्या झेब्रा आणि क्वागा या शिंपल्यांनी सरोवराची अन्नसाखळीच फिरवली. हे शिंपले पाणी गाळून त्यातले प्लवक फस्त करतात. पाणी आरशासारखे नितळ होते, काठावरचे बंगलेवाले खूश होतात, आणि उघड्या पाण्यातल्या छोट्या माशांची उपासमार होते. लेक ट्राउटला आपले अन्न बदलावे लागले, आणि नव्या अन्नातून त्याला मिळणारा पारा इतका होता की उत्सर्जन घटल्याचा फायदा त्यात जिरून गेला. शिवाय अन्न कमी असले की मासा हळू वाढतो. पूर्वी जो मासा सहा वर्षांत ६५ सेंटीमीटरचा होत असे, त्याला आठ वर्षे लागली तर मोजपट्टीवर दोघे सारखे दिसतील, पण दुसऱ्याने दोन वर्षे अधिक पारा खाल्लेला असेल. लांबीचे सोवळे पाळूनही वयाची खोट राहतेच. या क्षेत्रातल्या बातम्या वाचताना माझ्या मते सर्वांत आधी विचारावा असा प्रश्न हाच आहे की माशाचे वय पाहिले होते का.

चरबीच्या बाबतीत उलट गफलत होते. मासा उपाशी राहून रोडावला तर त्याच्या किलोभर मांसात चरबी कमी, आणि म्हणून पीसीबीचा आकडाही काही वेळा उतरलेला दिसतो. यासाठी संशोधक पीसीबी दर ग्रॅम चरबीमागे किती हेही पाहतात. सुपीरियरच्या खोल पाण्यात राहणारा सिस्कोवेट हा लेक ट्राउटचाच एक प्रकार अंगाने इतका तेलकट असतो की त्याच सरोवरातल्या सडपातळ भावंडापेक्षा त्याच्यावरचे निर्बंध कडक असतात.

शीतपेटीतले जुने मासे

कॅनडातील बर्लिंग्टन येथे १९७७ पासूनच्या माशांचे नमुने खोल थंडीत जपलेले आहेत. त्यांचे मोल अशा वेळी कळते, जेव्हा एखादे रसायन धोक्याचे असल्याचे उशिरा लक्षात येते. सोफे, पडदे, टीव्हीची कवचे पेटू नयेत म्हणून त्यांत घालायची पीबीडीई ही द्रव्ये अशीच. जुन्या माशांचे तुकडे काढून तपासले तेव्हा दिसले की १९८० ते २००० या काळात, म्हणजे पीसीबी उतरत असल्याबद्दल सगळे समाधान मानत होते नेमके तेव्हा, पीबीडीई दर तीन-चार वर्षांनी दुप्पट होत होते. २००४ च्या सुमारास त्यांपैकी मुख्य मिश्रणांचे अमेरिकेतील उत्पादन थांबले आणि माशांतील चढही थांबला.

पीएफओएसचे तसेच झाले. डाग न धरणारे कापड आणि विमानतळांवरील आग विझवणारा फेस यांत वापरलेले हे रसायन ओंटारिओ सरोवराच्या जपलेल्या लेक ट्राउटमध्ये १९७९ पासून चढताना सापडले. त्याचा मुख्य उत्पादक असलेल्या थ्रीएमने २००० मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली आणि २००९ मध्ये टिकाऊ विषारी रसायनांवर बंधने घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारात ते आले. मोठ्या सरोवरांत आता ते सावकाश उतरते आहे, पण फेस जिथे जमिनीत मुरला आहे तिथे त्याची खबर माशांकडूनच मिळते. मिशिगनच्या ऑस्कोडा गावाजवळील जुन्या लष्करी विमानतळाला लागून असलेल्या क्लार्क्स मार्श या पाणथळीतले मासे खाऊच नयेत, असा इशारा राज्याने २०१२ मध्ये दिला.

या रसायनाने आपला एक जुना नियमही खोटा ठरवला. ‘लहान मासा घ्या, मोठा टाळा’ हा सल्ला पारा आणि पीसीबी या दोघांसाठी बहुतेक ठिकाणी बरोबर ठरतो. पण २०२१ मध्ये विस्कॉन्सिनने सुपीरियर सरोवरातील स्मेल्ट, म्हणजे बोटाएवढे मासे, महिन्यातून एकाच जेवणात खावेत असे सांगितले, कारण त्यांत पीएफओएस अपेक्षेपेक्षा जास्त निघाले होते.

ताटापर्यंत

ही काळजी कशासाठी, याचे एक उत्तर डेट्रॉइटमधील वेन स्टेट विद्यापीठाच्या सँड्रा आणि जोसेफ जेकबसन यांनी दिले. मिशिगन सरोवरातील मासे खाणाऱ्या मातांची १९८० च्या सुमारास जन्मलेली मुले ते वर्षानुवर्षे पाहत होते. १९९६ मध्ये त्यांनी दाखवले की गर्भात असताना ज्यांना सर्वांत जास्त पीसीबी पोचले होते ती मुले अकराव्या वर्षी बुद्धिमापनाच्या आणि वाचनाच्या चाचण्यांत मागे पडत होती. म्हणून प्रत्येक सल्लापत्रकात गर्भवती, होऊ घातलेल्या माता आणि लहान मुले यांच्यासाठी वेगळा रकाना असतो. १९९३ मध्ये सरोवरांकाठच्या राज्यांनी मिळून ठरवलेल्या कोष्टकानुसार पीसीबी ०.०५ पीपीएमपर्यंत असेल तर कितीही खा, ०.०६ ते ०.२ असेल तर आठवड्यातून एकदा, ०.२१ ते १.० असेल तर महिन्यातून एकदा, १.१ ते १.९ असेल तर वर्षातून सहादा, आणि त्यापुढे खाऊच नका. आलेखातले आकडे अख्ख्या माशाचे आणि कोष्टक खाण्याच्या तुकड्यासाठी, म्हणून ही तुलना ढोबळच; तरी २३ पीपीएमवरून १ पीपीएमपर्यंतचा एवढा मोठा उतार पार केल्यावरही १ पीपीएमचा आकडा ‘महिन्यातून एकदा’ या रकान्यातच बसतो, हे त्या कोष्टकाशेजारी आलेख ठेवला की लक्षात येते.

शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट, टोरोंटो या सरोवरकाठच्या शहरांत मराठी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांतील कोकणी, मालवणी, सारस्वत, कोळी घरांत मासा आपल्या पद्धतीने होतो. सल्लापत्रकांतले आकडे बहुधा कातडी काढलेल्या मांसल तुकड्यासाठी असतात. चरबी असलेली पोटाची कड, पाठीवरची रेघ आणि बाजूचा काळसर पट्टा कापून टाकावा, मग मासा जाळीवर भाजावा, म्हणजे चरबी ठिबकून जाते आणि पीसीबी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, असे त्यांत सांगितलेले असते. आपल्या कालवणात नेमके उलट घडते. डोके, कातडी, पोटाचा तेलकट तुकडा आणि गाबोळी हेच आवडीचे, आणि सुटलेले तेल रश्श्यातच राहते, तो रस्सा भातावर ओतला जातो. त्यामुळे कोणी मिशिगन सरोवरातून मोठा सामन किंवा लेक ट्राउट धरून आणून दिला, तर त्याचे डोक्यासकट कालवण करणाऱ्यांनी पत्रकातला आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू आहे असे समजू नये. तुकडे कातडी काढून तव्यावर परतणे किंवा भाजणे बरे, आणि सुटलेले तेल टाकून द्यावे.

वॉलआय, पाइक, लार्जमाउथ बास यांच्या बाबतीत ही कापाकापी कामाची नाही. त्यांचा मुख्य प्रश्न पारा असतो, आणि तो कातडी काढून, कोकम लावून किंवा कितीही शिजवून जात नाही. तिथे फक्त माशाची लांबी आणि जेवणांची संख्या हातात असते. यलो पर्च, ब्लूगिल, व्हाइटफिश यांच्यावरचे निर्बंध बहुतेक ठिकाणी सौम्य असतात, पण ‘बहुतेक ठिकाणी’ हे शब्द गंभीरपणे घ्यावेत, कारण एकाच नदीच्या धरणाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला सल्ला वेगळा असू शकतो. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि ओंटारिओ यांची पत्रके ठिकाण, माशाची जात आणि लांबी यांनुसार लावलेली असतात, म्हणून मासा धरल्यावर आधी तो मोजपट्टीवर ठेवावा आणि मग पातेले चढवावे.